कुत्र्याचं तोंड आणि आपलं घर: नव्याने कुत्रं पाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सांगली-मिरजेकडे कुत्रं पाळायला आणलं की दोन प्रकारचे सल्ले फुकट मिळतात. एक गट सांगतो, कुत्र्याचं तोंड माणसापेक्षा स्वच्छ असतं, जखम चाटू दे, लवकर भरते. दुसरा गट लाळेचा थेंब लागला तरी आंघोळीला पाठवतो. दोघांचंही ऐकू नका.

आमच्या घरी बंड्या नावाचं गावठी कुत्रं आहे, चिंगी नावाची पॉमेरियन आहे, आणि अपघातानंतर प्लीहा, म्हणजे दवाखान्यात जिला स्प्लीन म्हणतात ती, काढावी लागलेले सासरे आहेत. आप्पांच्या डिस्चार्ज कार्डावर पथ्य होतं, टाके काढायची तारीख होती. कुत्र्याबद्दल अक्षर नव्हतं. पुढचं सगळं आम्हाला थोडं माणसांच्या डॉक्टरांना, थोडं जनावरांच्या डॉक्टरांना विचारून जुळवावं लागलं. तेच इथे क्रमाने देते. घरात सगळे ठणठणीत असतील तर बरंच काही वरवर वाचलंत तरी चालेल. पायरी २ आणि ७ मात्र नीट वाचा.

१. तोंडात काय असतं ते एकदा समजून घ्या

कुत्र्याच्या तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू असतात. आपल्याही तोंडात असतात, पण दोन्हीकडची वस्ती बरीच वेगळी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत कुत्र्यांच्या तोंडातले ३५३ प्रकार नोंदवले गेले, आणि माणसाच्या तोंडातल्या प्रकारांशी जुळणारे निघाले जेमतेम १६ टक्के. त्यामुळे कोणाचं तोंड जास्त स्वच्छ, या वादात काही अर्थ नाही.

हा फरक रोज डोळ्यांना दिसतो. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अल्कधर्मी असते. आपल्या दातांवर स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जिवाणू भरपूर असतात, त्यांच्या दातांवर ते फार नसतात. म्हणून कुत्र्याचा दात किडलेला क्वचित दिसतो. उलट दातांवर कीटण चढणं आणि हिरड्या सुजणं त्यांच्यात सर्रास चालतं. तीन वर्षांच्या पुढच्या बहुतेक कुत्र्यांना हिरड्यांचा काही ना काही त्रास असतोच.

एका घरात राहून देवाणघेवाण होते का? होते. २०१३ साली अमेरिकेतल्या साठ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कुत्रं आणि मालक यांच्यातलं साम्य सगळ्यात ठळक दिसलं ते कातडीवर. तोंडाच्या बाबतीत जपानमधल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या हिरड्यांत राहणारा पॉर्फिरोमोनास गुलाई हा जिवाणू काही मालकांच्या तोंडातही सापडला. हिरड्यांच्या आजाराशी संबंधित असलेले आणखी काही जिवाणू दोघांच्याही तोंडात मिळाले. मात्र जिवाणू सापडला म्हणजे आजार जडला, असं होत नाही. धडधाकट माणसाच्या शाबूत कातडीवर कुत्र्याने चाटलं तर साबणाने धुवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

२. घरातल्या माणसांची यादी करा

कुत्र्याची जात, वय, किंमत यावर आपण तासभर बोलतो. खरं तर आधी बघायचं ते घरात कोण कोण आहे हे. कागद घ्या आणि पुढच्यापैकी कोणी असेल तर नाव लिहा:

- प्लीहा काढलेली व्यक्ती
- लिव्हरचा जुना आजार असलेली किंवा रोज दारू पिणारी व्यक्ती
- केमोथेरपी, स्टिरॉइड किंवा अवयव-रोपणानंतरची औषधं चालू असलेली व्यक्ती
- हृदयात कृत्रिम झडप असलेली व्यक्ती
- मधुमेहाने पायांची संवेदना गेलेली व्यक्ती
- तान्हं बाळ

ही यादी मुख्यतः कॅप्नोसायटोफागा कॅनिमॉर्सस नावाच्या जिवाणूमुळे करायची. बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या तोंडात आणि पुष्कळशा मांजरांच्याही तोंडात तो मुकाट राहतो, त्यांना काही करत नाही. माणसांमध्ये त्याची पहिली नोंद १९७६ सालची. चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेवर चाटणं यातून तो आत जातो आणि जवळपास सगळ्यांच्या बाबतीत शरीर त्याला तिथेच संपवतं. रक्तातले असे जिवाणू गाळून काढण्याचं मोठं काम प्लीहा करते. ती नसली, किंवा लिव्हर थकलेलं असलं, तर हा जिवाणू झपाट्याने रक्तात पसरू शकतो. अशी वेळ क्वचितच येते, पण आली तर गंभीर आजारी पडलेल्या दहांपैकी साधारण तीन रुग्ण दगावतात.

इथे एक गैरसमज हमखास होतो. प्लीहा काढलेल्यांना न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब यांच्या लसी देतात, आणि त्या घ्यायलाच हव्यात. पण या कुत्र्याच्या जिवाणूवर त्यांचा उपयोग नाही. "सगळी इंजेक्शनं झालीत की, आता काय हुतंय," असं आमच्या शेजारच्या काकांनी आप्पांना ऐकवलं होतं. इंजेक्शनं झाली होती हे खरं, पण ती दुसऱ्या जिवाणूंची.

मधुमेह्यांचं वेगळंच. पायाला मुंग्या येऊन येऊन संवेदना गेली की टाचेची भेग चिघळलेली कळत नाही, आणि रात्री खाटेखाली झोपलेलं कुत्रं ती भेग चाटत बसलेलंही कळत नाही. घरात असं कोणी असेल तर रात्री पायात मोजे आणि सकाळी टॉर्च लावून तळव्यांची तपासणी, एवढं ठरवूनच टाका.

यादीत एकही नाव आलं नाही तर उत्तम. आलं, तरी कुत्रं देऊन टाकायची गरज नाही. आमच्या डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही. नियम पाळा, एवढंच ते म्हणाले.

३. सामान आणि कागद जमवा

- कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर, नंतर दर वर्षी. कार्डावर लसीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी.
- घरातल्या जोखमीच्या माणसाचं डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी, दोन्हीच्या झेरॉक्स.
- आधार कार्ड. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना लागतं.
- बोटात घालायचा रबरी ब्रश किंवा लहान मुलांचा मऊ ब्रश.
- कुत्र्यांसाठीची टूथपेस्ट.
- साधा अंगाचा साबण, आणि वाहत्या पाण्याचा नळ कुठे आहे याची घरातल्या सगळ्यांना माहिती. हे वाचून हसू येईल. पण उन्हाळ्यात टाकी रिकामी असताना चावा बसला की कळतं. एक भरलेली कळशी कायम बाजूला ठेवा.

आपली टूथपेस्ट कुत्र्याला चालत नाही. त्याला चूळ भरता येत नाही, सगळी पोटात जाते. फ्लोराइड तर नकोच. आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, ते कुत्र्याला विषासारखं: रक्तातली साखर एकदम उतरते, लिव्हरलाही इजा होते. शुगर-फ्री च्युइंगमवरही हेच नाव शोधा आणि पाकीट उंचावर ठेवा.

४. जनावरांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा

लसीला नेता तेव्हाच सांगा की दात आणि हिरड्याही बघा. आपण म्हटलं नाही तर घाईत राहून जातं. लहान पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून ४२ पक्के येतात. पॉमेरियन, शिह त्झू, पग अशा छोट्या कुत्र्यांत दुधाचा सुळा पडतच नाही आणि पक्का त्याला खेटून उगवतो. त्या फटीत अन्न अडकतं आणि वास मारायला लागतो. चिंगीचे दोन सुळे असेच काढावे लागले.

तोंडाला उग्र वास, हिरडीच्या कडेला लाल रेघ, एकाच बाजूने चावणं, कडक भाकरी टाकून दूधच चाटणं, पंजाने तोंड घासणं: यातलं काही दिसलं तर वार्षिक लसीची वाट बघू नका. "कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच," असं म्हणत लोक वर्षं काढतात. निरोगी हिरड्यांच्या कुत्र्याच्या तोंडाचा वास जाणवतो, पण त्याने तोंड फिरवावं लागत नाही.

जायचं कुठे? तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी आणि लस होते, पण तिथे गाई-म्हशींची गर्दी असते आणि दातांची सगळी यंत्रं असतीलच असं नाही. सांगली, मिरज, सातारा, कराड इथे खासगी डॉक्टर आहेत. मोठं काम असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्याच्या दवाखान्यात दाखवता येतं. साताऱ्याच्या मंडळींना ते जवळ, आपल्याला मात्र अख्खा दिवस मोडावा लागतो. रिक्षात किंवा फोनवर पत्ता सांगताना पूर्ण नाव सांगा, कारण साताऱ्यात माणसांचं जे सरकारी रुग्णालय आहे, त्यालाही क्रांतिसिंहांचंच नाव आहे.

कीटण घट्ट चढलं असेल तर डॉक्टर स्केलिंग, म्हणजे ते खरवडून काढणं, सुचवतात. ते पूर्ण भूल देऊनच होतं, आणि त्याआधी रक्ततपासणी करून घेणं चांगलं. "भूल न देता दात चकचकीत करून देतो" म्हणणारे भेटतात. वरून दिसणारं कीटण ते खरवडतात. खरी घाण हिरडीच्या खाली असते आणि जागं कुत्रं तिथे हत्यार घालू देत नाही. दात पांढरे दिसतात, आजार आत तसाच राहतो.

५. ब्रशची सवय लावा

दातावरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत घट्ट होऊन कीटण बनायला लागतो, आणि एकदा घट्ट झाला की ब्रशने निघत नाही. म्हणून रोज करा. नाहीच जमलं तर एक दिवसाआड. आठवड्यातून एकदा केलं तर हाती फारसं काही लागत नाही.

पहिल्या दिवशी ब्रश दाखवायचाच नाही. संध्याकाळी फिरून आल्यावर, कुत्रं दमलेलं असताना, शेजारी बसा. समोर उभं राहून वाकलात की ते मागे सरकतं. बोटावर जरा पेस्ट घेऊन चाटू द्या आणि उठा. काही दिवस एवढंच. मग ओठ वर करून बोट बाहेरच्या दातांवर फिरवा. मग रबरी ब्रश. मग खरा ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून, छोटे गोल फिरवत.

जबडा उघडायची खटपट करू नका. आतल्या बाजूला जीभ सतत फिरत असते, तिथे थर कमी धरतो. तुमचं काम बाहेरच्या बाजूला आहे, आणि तिथेही एक दात मुख्य: वरच्या जबड्यातली मागची मोठी, कात्रीसारखी दाढ. लाळेच्या एका मोठ्या ग्रंथीची नळी तिच्या समोरच गालात उघडते, म्हणून कीटण सगळ्यात आधी तिथे चढतं. ओठाचा कोपरा अंगठ्याने मागे ओढा, पिवळट-तपकिरी कड दिसली तर ती हीच दाढ. कुत्र्याने तेवढ्या दोनच दाढा घासू दिल्या तरी त्या दिवसाचं काम झालं असं समजा.

बंड्या मोठा झाल्यावर आमच्याकडे आला. तो ब्रश बघितला की पलंगाखाली जातो. त्याला आम्ही बोटाला सुती फडकं गुंडाळून घासतो. सुरुवातीला हिरडीतून थोडं रक्त दिसू शकतं. आठवडाभर घासूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. हे काम यादीतल्या माणसाने करायचं नाही आणि बोटाला चीर असलेल्यानेही नाही. आमच्याकडे मी किंवा माझी मोठी मुलगी करते, नंतर साबणाने हात, मगच पोळ्यांची कणीक.

हाड दिल्याने दात साफ होतात असं म्हणतात. शिजवलेलं हाड फुटून टोकदार होतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. फार कडक हाडाने याच मागच्या दाढेचा टवका उडतो. बिस्किटांचा चिकटा दातांत राहतो, हेही असू द्या लक्षात.

६. घरातले नियम, भिंतीवर लिहून

लहान मुलांना कारण सांगत बसलं की वाद वाढतो. नियम लिहून फ्रिजवर लावा.

तोंडावर, डोळ्यांवर, नाकावर चाटू द्यायचं नाही. हातावर चाटलं तर धुवा. भडंगाची ताटली जमिनीवर ठेवून एक घास मला, एक तुला, हे बंद. पेढ्याचा अर्धा तुकडा त्याला देऊन उरलेला आपल्या तोंडात, हेही. कुत्र्याची भांडी वेगळी, घासायचा काथ्याही वेगळा.

जखम उघडी असेल तर ती झाकल्याशिवाय कुत्र्याजवळ जायचं नाही. आपल्या भागात हे जरा कठीण आहे. उसात जाऊन आलेल्याचे हात पाल्याने चिरलेले असतात. तासगावकडे द्राक्षछाटणीच्या दिवसांत कात्रीने बोट कापलं नाही असा माणूस सापडत नाही. चिरा बारीक, रक्त वाळलेलं, आणि दारात येताच कुत्रं धावत येऊन हात चाटतं. म्हणून शेतातून आल्यावर आधी नळ, मग लाड.

आणि एक दार आपण विसरतो: आपल्या हिरड्या. मिसरी, तंबाखू, मावा यांनी खराब झालेल्या, ब्रश करताना रक्त येणाऱ्या हिरड्या म्हणजे उघडी जखमच. कुत्र्याचे दात तपासायला निघालाच आहात तर स्वतःचेही दाखवून घ्या.

७. दात लागला तर

आधी नळ. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं. घड्याळ लावा, कारण अंदाजाने धुतलं की माणूस दोन मिनिटांत उठतो. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा.

हळद, मिरची, चुना, मिसरी, तेल, यातलं काही जखमेत भरू नका. सांगलीत राहून हळदीला नाही म्हणणं जिवावर येतं हे कबूल, पण ती भाजीतच बरी. जखम लगेच शिवायचा आग्रहही डॉक्टरांकडे धरू नका, असा चावा शक्यतो मोकळाच ठेवतात.

मग दवाखाना. तिथे दोन वेगळ्या धोक्यांचा विचार होतो आणि लोकांची गल्लत इथेच होते. रेबीज हा विषाणू, त्याच्यावर लस. बाकीचे जिवाणू, त्यांच्यावर अँटिबायोटिक. एक घेतलं म्हणून दुसरं टळत नाही.

रेबीजचा हिशेब असा. शाबूत कातडीवर चाटलं तर फक्त धुणं. रक्त न येता ओरखडा आला तर लस. रक्त आलं, फुटलेल्या कातडीवर चाटलं, किंवा डोळ्यात-तोंडात लाळ गेली तर लस आणि सोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत द्यायची असेल तर १४ व्या दिवशीचा एक डोस वाढतो. तिसऱ्या डोसनंतर "आता बरं वाटतंय" म्हणून सोडणारे पुष्कळ, तसं करू नका. घरचंच कुत्रं असेल तर त्याचं लसीचं कार्ड दाखवा. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवून पुढचं डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने उपचार लांबवू नका. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना डॉक्टर जास्त कडक उपचार देतात, म्हणून ते केसपेपरवर लिहून घ्या.

जिवाणूंचं वेळापत्रक वेगळं. पाश्चुरेला नावाचा जिवाणू घाई करतो: २४ तासांच्या आत जखम लाल, गरम, ठणकणारी. कॅप्नोसायटोफागा गुपचूप असतो. लक्षणं साधारण तीन ते पाच दिवसांत दिसतात, पण १४ दिवसांपर्यंत कधीही येऊ शकतात, आणि तोवर जखम वरून सुकलेली असते. ताप, हुडहुडी, उलट्या-जुलाब, बरळणं, अंगावर जांभळे-काळे डाग, यातलं काही यादीतल्या माणसाला दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका. सांगलीचं सिव्हिल असो की मिरजेचं कुठलं मोठं रुग्णालय, थेट कॅज्युअल्टीला जा आणि पहिल्या वाक्यात सांगा: प्लीहा नाही, कुत्रं चावलं होतं. हा जिवाणू प्रयोगशाळेत सावकाश वाढतो, रिपोर्ट यायला दिवस जातात. डॉक्टरांना कल्पना असली तर ते रिपोर्टआधीच उपचार सुरू करतात.

मेडिकलमधून चार गोळ्या आणून घेणं हा शेवटचा सापळा. चाव्यासाठी बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट देतात, पण किती दिवस, कोणाला, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर काय, हे दुकानदाराने ठरवायचं नसतं. प्लीहा नसलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं की दवाखाना गाठेपर्यंत घ्यायची गोळी घरात ठेवू का.

८. पाकिटातली चिठ्ठी

आप्पा एकटे बाहेर असताना काही झालं तर बोलणार कोण, म्हणून आम्ही ही चिठ्ठी केली. तुमच्या डॉक्टरांना दाखवून बदल करून घ्या:

"माझी प्लीहा काढलेली आहे. घरात कुत्री आहेत. चावा, ओरखडा किंवा जखमेवर चाटल्यानंतर ताप आल्यास तातडीने रक्ताचं कल्चर घेऊन अँटिबायोटिक सुरू करावं. पेनिसिलिनची ॲलर्जी: आहे / नाही. शेवटची धनुर्वाताची लस: ____. रेबीजची लस आधी घेतली आहे का: ____. घरचा फोन: ____."

लॅमिनेशन करून एक प्रत पाकिटात, एक गाडीच्या डिकीत, एक फ्रिजवर नियमांशेजारी. फोन नंबर किंवा औषध बदललं की तिन्ही ठिकाणी बदला.